आपण राहतो ती ब्रिटनमधली गावं: ऐकलेलं, पाहिलेलं, आठवणारं

टेम्सकाठ

बरेच दिवस मनात होतं हा धागा काढायचं. आपल्यातले कित्येक जण ब्रिटनमध्ये दहा-वीस वर्षं, काही तर त्याच्याही कितीतरी आधीपासून राहतायत, पण गाव कसंय असं कोणी विचारलं की आपण काय सांगतो, तर शाळा बऱ्या आहेत, पॅडिंग्टनला ट्रेनने अर्धा तास, घरं महाग झालीत, गणपती अमुक हॉलमध्ये बसतो. ते गाव शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कशावर जगत होतं, कोण तिथे येऊन राहून गेलं, हे विचारायचं राहूनच जातं. आणि ज्यांना विचारायचं ती माणसं आता ऐंशीच्या पुढे गेलीत. तर इथे प्रत्येकाने आपापल्या गावाबद्दल लिहा. वाचलेलं चालेल, पण स्वतः पाहिलेलं किंवा घरातल्या-शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं असेल तर फारच छान.

माझं गाव रेडिंग. आमच्या चुलतसासूबाई, सगळे त्यांना माई म्हणतात, १९७० च्या सुमारास इथल्या हंटली अँड पामर्सच्या बिस्किट कारखान्यात पॅकिंगला होत्या. पुण्यात असताना त्या कधी नोकरीला बाहेर पडल्या नव्हत्या. त्या सांगतात की थंडीत सकाळी किंग्ज रोडने चालत जाताना बोटं बधिर व्हायची आणि कारखान्याच्या दारातून आत शिरलं की भट्ट्यांची ऊब अशी अंगावर यायची की दोन मिनिटं कोट काढावासाच वाटायचा नाही. बाहेर रस्त्यावरच वासावरून कळायचं आज काय भाजतायत. आल्याच्या बिस्किटांचा दिवस असला की तो वास केसातून दोन दिवस जायचा नाही म्हणे. फुटक्या बिस्किटांच्या पिशव्या कामगारांना अगदी स्वस्तात मिळायच्या, त्यामुळे घरी येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला चहाबरोबर फुटकी बिस्किटं, आणि त्यात कोणाला काही वाटायचं नाही कारण आख्खं रेडिंगच ती खायचं.

या कारखान्याची सुरुवात मला फार आवडते. १८२२ मध्ये जोसेफ हंटली नावाच्या क्वेकर माणसाने लंडन स्ट्रीटवर छोटं बिस्किटांचं दुकान काढलं. लंडन-बाथ रस्त्यावरच्या घोडागाड्या समोरच्या सराईपाशी थांबायच्या, प्रवासी बिस्किटं घ्यायचे, पण गाडीच्या हादऱ्यांनी ती फुटायची. त्याच्या मुलाचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, त्याने पत्र्याचे डबे करून दिले. म्हणजे बिस्किटांबरोबर डब्यांचाही धंदा उभा राहिला, आणि पुढे ते चित्रांचे डबे जगभर गेले. १८४१ ला जॉर्ज पामर भागीदार झाला, १८४६ ला केनेट नदीकाठी मोठा कारखाना निघाला, आणि १९०० च्या आसपास पाच हजारांवर माणसं तिथे काम करत होती, जगातला सगळ्यात मोठा बिस्किट कारखाना. आत स्वतःचे रूळ, स्वतःची इंजिनं. कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवाकडे गेला तेव्हा बिस्किटं इथलीच नेली. १९७६ ला रेडिंगमधलं उत्पादन बंद झालं. माई शेवटपर्यंत नव्हत्या, पण ज्या होत्या त्यांच्यातल्या दोघींशी त्यांची अजून ख्रिसमस कार्डांची देवाणघेवाण आहे.

तुमचं गाव सांगा.

निशिगंध

सुंदर धागा ताई. वाचनखूण साठवली. आमच्या घरी कोकणात आजीकडे असला एक जुना चित्राचा डबा होता, त्यात ती सुया-दोरे ठेवायची. कुठल्या कंपनीचा ते आता सांगता येणार नाही पण वाचताना तोच आठवला. माईंना नमस्कार सांगा.

भुसावळकर

मी स्विंडनचा. पंधरा वर्षांपूर्वी इथे नोकरीला आलो तेव्हा सगळे म्हणाले की स्विंडन म्हणजे काही नाही, नुसते गोल चौक. पण मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलोय राव, वडील भुसावळच्या लोको शेडला फिटर, आणि स्टेशनच्या पलीकडे रेल्वे व्हिलेजमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा मला कळेचना की मी कुठे आलोय. एकसारखी दगडी घरं ओळीने, मागच्या बाजूला बोळ, मधे इन्स्टिट्यूट, पलीकडे दवाखाना, चर्च, बाग. आमच्या कॉलनीची मांडणी कुणाच्या डोक्यातून आली होती ते तिथे उभं राहिल्यावर समजलं. गल्ल्यांची नावं पण स्टेशनांची, बाथ, ब्रिस्टल, एक्झेटर, टॉन्टन अशी.

थोडा इतिहास. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने इथे इंजिनांचा कारखाना काढला, जानेवारी १८४३ पासून काम सुरू. त्याआधी स्विंडन म्हणजे टेकडीवरचं बाजाराचं छोटं गाव. भरभराटीच्या काळात चौदा हजारांच्या आसपास माणसं त्या एका वर्कशॉपमध्ये. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, इव्हनिंग स्टार, १९६० मध्ये इथूनच बाहेर पडलं. १९८६ ला वर्कशॉप बंद झालं. आता त्या शेडमध्ये ब्रँडेड कपड्यांची दुकानं आहेत आणि शेजारी रेल्वेचं म्युझियम. दुकानांच्या मधे मोठी क्रेन आणि खांब तसेच ठेवलेत, मी तिथे गेलो की कपडे बघत नाही, वर बघतो.

दोन गोष्टी मला विशेष वाटतात. एक म्हणजे मेडिकल फंड. १८४७ पासून कामगारांच्या पगारातून थोडे थोडे पैसे कापून औषधपाणी, डॉक्टर, पुढे दवाखाना, दातांचा डॉक्टर, आंघोळीची सोय, पोहायचा तलाव, सगळं कामगार आणि त्याच्या कुटुंबाला. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस उभी करताना आरोग्यमंत्री बेवनसमोर जी उदाहरणं होती त्यात स्विंडनचं नाव घेतात. दुसरी म्हणजे ट्रिप. १८४९ मध्ये सुरू झाली, वर्षातून एकदा उन्हाळ्यात कारखाना बंद आणि कामगारांना बायकापोरांसकट कंपनीच्या गाड्यांनी फुकट प्रवास, निम्मं गाव समुद्रावर. पण सुट्टीचा पगार नाही हां. ही पद्धत कित्येक दशकं तशीच होती, त्यामुळे परत आल्यावरचा आठवडा काढायला बायकांना वर्षभर पैसे बाजूला ठेवायला लागायचे. आमच्या गल्लीतल्या एक आजी होत्या, नव्वदीच्या, वर्कशॉपमध्ये त्यांचे वडील, नवरा, दीर सगळे. त्या सांगायच्या की भोंगा सकाळी इतक्या लांब ऐकू जायचा की आजूबाजूच्या खेड्यांतले लोक त्यावर घड्याळ लावायचे. मी म्हटलं आमच्याकडे पण तसंच होतं. मग त्यांनी मला विचारलं तुमच्याकडे भोंगा बंद झाल्यावर लोकांनी काय केलं. त्यावर बराच वेळ बोललो आम्ही.

म्हादई

भुसावळकर, मी पण स्विंडन! आणि मी एकटी नाही, इथे आम्ही गोंयकार किती आहोत हे तुम्हाला माहीतच असेल. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, ते घेऊन लोक युरोपात काम करायला मोकळे झाले आणि साधारण २००० नंतर स्विंडनमध्ये यायला लागले. एक आला की भाऊ, मग मेहुणा, मग अख्खा वाडा. गोदामांमध्ये, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपन्यांमध्ये रात्रपाळी. होंडाचा कारखाना साउथ मार्स्टनला होता, १९८५ पासून, तो २०२१ ला बंद झाला तेव्हा कितीतरी घरांची झोप उडाली, थेट तिथे नसले तरी त्याला माल पुरवणाऱ्या ठिकाणी होते.

माझ्या काकांनी सुरुवातीला ज्या घरात खोली घेतली ते रेल्वेवाल्यांच्या जुन्या टेरेस घरांपैकी. घरमालक निवृत्त रेल्वे कामगार, बायको वारलेली. काका रात्रपाळी करून सकाळी यायचे तेव्हा तो म्हातारा दोघांसाठी चहा करून ठेवायचा आणि स्वतःच्या पाळ्यांच्या गोष्टी सांगायचा. काकांचं इंग्रजी तेव्हा तोडकं होतं, तरी लोखंड ओतायच्या शेडमधल्या उष्णतेबद्दल काका आजही अशा तपशिलात सांगतात की वाटतं स्वतःच तिथे होते. तो गेला तेव्हा त्याच्या चर्चमध्ये आमच्याकडचे बरेच लोक होते, काकांनी कोंकणीत प्रार्थना म्हटली. डिसेंबरात सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला काका अजून त्याच्या नावाने मेणबत्ती लावतात.

सह्यकडा

धागा चांगला आहे पण एक विचारतो, राग नसावा. इथल्या लोकांनी आपल्या प्रत्येक खेड्याचा इतिहास लिहून ठेवलाय, प्रत्येक भिंतीवर पाटी आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावाचा धड इतिहास नाही, गॅझेटिअर उघडून बघितलेलं नाही कोणी. मग आपली शक्ती रेडिंगच्या बिस्किटांवर कशाला? आणि हे सगळे कारखाने कोणाच्या पैशावर उभे राहिले तेही लिहा की.

जुना सोबती

सह्यकडा, आपला प्रश्न रास्त आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मी १९६९ साली लंडनजवळच्या स्लावला आलो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. एका घरात आम्ही अकरा जण, तीन पाळ्यांत काम, त्यामुळे एक जण उठून गेला की दुसरा त्याच अंथरुणावर. कोथिंबीर मिळायची नाही, रविवारी साउथॉलला जाऊन आणायची. खोली भाड्याने देणार नाही असं दारातच तोंडावर सांगणारे होते आणि आपल्या बागेतले टोमॅटो आणून देणारेही होते. आमचे फोरमन वेल्सचे. त्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की त्यांचे वडील १९३० च्या मंदीत कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर कामाच्या शोधात बराचसा रस्ता पायी चालत स्लावला आले होते, आणि तेव्हा इथले लोक म्हणायचे की हे वेल्शवाले आमची कामं खातात. ते ऐकल्यावर मला या गावाकडे बघण्याची नजरच निराळी आली.

स्लावची ती प्रसिद्ध ट्रेडिंग इस्टेट कशी झाली पाहा. पहिल्या महायुद्धात १९१८ साली सरकारने शेतजमीन घेऊन तिथे लष्करी गाड्या दुरुस्त करायचा डेपो काढला, तो पुरा व्हायच्या आत युद्ध संपलं, मग १९२० साली मोडक्या गाड्यांसकट सगळी जागा एका कंपनीला विकली. गाड्या दुरुस्त करून विकल्या आणि रिकाम्या शेड कारखान्यांना भाड्याने दिल्या. १९३२ साली फॉरेस्ट मार्सने स्लावमध्येच मार्स बार काढला. हॉर्लिक्सचा लाल विटांचा कारखाना त्याच्याही आधीचा, १९०८ च्या सुमाराचा. लहानपणी साताऱ्याला आजारपणात आई जे हॉर्लिक्स द्यायची त्याचा मनोरा मी इथे रोज बसमधून बघायचो. २०१८ पर्यंत तो चालू होता.

आणि त्याच्याही आधी विल्यम हर्शेल. मूळ हॅनोव्हरचा, जर्मन, वादक म्हणून इंग्लंडात पोट भरायला आलेला. १७८१ साली बाथमध्ये घरच्या दुर्बिणीतून युरेनस शोधला, मग राजाने पगार बांधून दिला आणि तो स्लावला येऊन राहिला. १७८९ साली इथे त्याची चाळीस फुटी दुर्बीण पुरी झाली, त्या काळी जगातली सर्वांत मोठी. बहीण कॅरोलिन रात्रभर जागून नोंदी घ्यायची, तिने स्वतः धूमकेतू शोधले, तिला सरकारी पगार होता, वर्षाला ५० पौंड. हे घर १९६३ साली पाडलं. मी आलो तेव्हा तिथे काहीच नव्हतं, आणि आमच्या कारखान्यात कुणाला विचारलं तर निम्म्यांना माहीत नव्हतं. म्हणजे प्रत्येक भिंतीवर पाटी असते असं नाही. इथलेही लोक घरं पाडतात, विसरतात.

आपल्या गावांचा इतिहास लिहायलाच हवा. पण मी सातारला अठरा वर्षं राहिलो आणि स्लावला त्याच्या कितीतरी जास्त. माझी मुलं इथे जन्मली, पत्नी इथे गेली. हे गाव मला परकं म्हणता येत नाही.

सह्यकडा

काका, नमस्कार. पटलं. फोरमनची गोष्ट खूप लागली.

निखिल_रॉचडेल

कोणाच्या पैशावर हा मुद्दा आलाच आहे तर लँकेशायरचं थोडंसं. मी रॉचडेलला राहतो. इथे टोड लेनवर एक छोटं दुकान जपून ठेवलंय, २१ डिसेंबर १८४४ ला कामगारांनी वर्गणी काढून सुरू केलेलं. लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. भेसळ नाही, मापात खोट नाही, उधारी नाही, नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना. आपल्याकडच्या सहकारी चळवळीत रॉचडेलची तत्त्वं म्हणून जे शिकवतात ते या दुकानातलं. माझे आजोबा सांगलीकडे सोसायटीचे सचिव होते, त्यांच्या तोंडून रॉचडेल हा शब्द लहानपणी ऐकला होता पण ते खरंखुरं गाव आहे आणि मी तिथे भाजी आणायला जाईन असं काही वाटलं नव्हतं.

दुसरी बाजू म्हणजे याच भागातल्या गिरण्या. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस बंद, इथे लाखो लोक उपाशी, आणि तिकडे मुंबईत कापसाच्या भावाने लोक रातोरात श्रीमंत. १८६५ ला युद्ध संपलं आणि मुंबईतले शेअर कोसळले. आपला आखूड धाग्याचा कापूस इथल्या यंत्रांवर सारखा तुटायचा, विणकर वैतागायचे. १९३१ ला गांधीजी मुद्दाम लँकेशायरला डार्वेनला येऊन गिरणी कामगारांना भेटले, बहिष्काराचा फटका ज्यांना बसला होता त्यांनाच, आणि त्यांनी आपुलकीने स्वागत केलं, त्याचे फोटो आहेत. इकडे कोणी येणार असेल तर सांगा, मी दाखवीन.

रसिका_वॉन्टेज

मला बराच वेळ लागला लिहायला कारण कुठून सुरू करू कळत नव्हतं. मी ऑक्सफर्डशायरमधल्या वॉन्टेजची, रेडिंगपासून गाडीने पाऊण-एक तास. बाजारचौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा आहे, त्याचा जन्म इथला, ८४९ चा, पुतळा १८७७ चा. शनिवारी त्याच्याभोवती बाजार भरतो. गावात पूर्वी रस्त्याच्या कडेने ट्राम चालायची, १८७५ पासून, मुख्य रेल्वे स्टेशन गावापासून लांब होतं म्हणून. पश्चिमेकडे अफिंग्टनच्या टेकडीवर खडूच्या रेषांनी काढलेला पांढरा घोडा आहे, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा. दर काही वर्षांनी लोक हातोड्या घेऊन खडू ठोकायला जातात नाहीतर तो गवताखाली जाईल. मीही गेलेय, गुडघे दुखतात पण जावंच एकदा.

पण मला इथे खरं धरून ठेवलं ते पंडिता रमाबाईंनी. १८८३ मध्ये रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन वॉन्टेजला आल्या, नवरा आदल्याच वर्षी गेलेला, वय पंचवीस. इथे डेन्चवर्थ रोडवर सेंट मेरी द व्हर्जिन या सिस्टर्सचा मठ आहे, गावचे व्हिकर बटलर यांनी १८४८ मध्ये स्थापलेला. याच सिस्टर्स पुण्यात काम करत होत्या, तिथेच ओळख झाली. ठरलं असं की रमाबाईंनी पुण्याला जाणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायचं आणि त्यांनी रमाबाईंना इंग्रजी. म्हणजे १८८३ साली ऑक्सफर्डशायरच्या या आडगावात इंग्रज बायका बसून मराठी धडे गिरवत होत्या! मी त्या रस्त्यावरून रोज मुलाला शाळेत सोडते आणि रोज हे डोक्यात येतंच.

पुढचं सगळं सोपं नाही. डॉक्टर व्हायचं म्हणून त्या आल्या होत्या, पण कानाने कमी ऐकू यायचं म्हणून ते राहिलं. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत इथेच वारल्या, फार दुःखद रीतीने, परक्या गावात. सप्टेंबरात रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला, त्यावरून पुण्यात काय गहजब झाला ते आपण शाळेत वाचलंय. पण वॉन्टेजमधली बाजू आपल्याकडे कमी सांगितली जाते. त्यांच्या गुरू सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई आजीबाई म्हणत, आणि याच आजीबाईंशी त्यांनी पत्रांतून वर्षानुवर्षं वाद घातला. धर्म स्वीकारला म्हणजे चर्चचे अधिकारी सांगतील ते मान्य असं नाही, माझी बुद्धी मी कोणाकडे गहाण टाकलेली नाही, असा सगळा सूर. शाकाहार सोडला नाही. इथून त्या १८८४ मध्ये चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या, डोरोथिया बील तिथे प्राचार्या, आणि १८८६ च्या सुरुवातीला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला. लंडनच्या फुलहॅममध्ये याच सिस्टर्सचं निराधार बायकांसाठीचं घर होतं, ते बघून आपण काय करायला हवं ते मनात पक्कं झालं असं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. केडगावचं कृपासदन त्यातूनच आलं.

आता पुण्याच्या मंडळींसाठी. गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन आठवतं ना, जिथे १८९० मध्ये गोपाळराव जोशांच्या खटपटीने टिळक, रानडे, गोखले वगैरे मंडळी गेली आणि चहा प्यायल्यावरून ग्रामण्य झालं? ते मिशन चालवणारे पाद्री ऑक्सफर्डजवळच्या कावलीचे, आणि तिथल्या सिस्टर्स वॉन्टेजच्या. माझं माहेर पंचहौदपासून चालत पाच मिनिटांवर. लहानपणी तो उंच घंटाघराचा मनोरा खिडकीतून दिसायचा. लग्न करून मी येऊन पडले ती बरोबर त्या सिस्टर्सच्या गावात, आणि हे मला इथे आल्यावर कित्येक वर्षांनी कळलं. कळलं त्या दिवशी आईला फोन केला तर ती म्हणाली, अगं मी सेंट मेरीज शाळेत होते ना, आमच्या सिस्टर कायम वॉन्टेज वॉन्टेज म्हणायच्या, मला वाटायचं ते कोणा माणसाचं नाव आहे.

टेम्सकाठ

रसिका, काय लिहिलंयस गं. वाचून अंगावर काटा आला. मी वॉन्टेजवरून कितीदा गेलेय, एकदाही थांबले नाही. आता येणार, माईंना घेऊनच येणार.

कावलीकर_नाही_कोथरूडकर

कावलीला मी नोकरी केलीय, तिथे सगळे फक्त मॉरिस मोटर्स आणि मिनीबद्दल बोलतात, १९१३ पासून गाड्या निघतात तिथून. पंचहौदचं मूळ तिथे आहे हे आज कळलं. धन्यवाद.

मेघमल्हार

रेडिंगच्या उत्तरेला टेकड्यांमध्ये स्टोक रो म्हणून खेडं आहे तिथे नक्की जा. रस्त्याच्या कडेला घुमटाखाली एक विहीर, वर सोनेरी हत्ती. काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली. रीड नावाचा अधिकारी बनारसकडे होता, त्याचं घर याच भागातलं. त्याने महाराजांना बोलता बोलता सांगितलं होतं की आमच्या गावाकडे पाण्याचे फार हाल आहेत, घरातलं शेवटचं पाणी प्यायलं म्हणून एका पोराला आईने मारलेलं मी पाहिलंय. महाराजांनी ते लक्षात ठेवलं. १८६३-६४ मध्ये विहीर खणली, खोली ३६८ फूट, रुंदी जेमतेम चार फूट, सगळी हाताने, खडकातून. पोहरा वर यायला दहा मिनिटं लागायची. पाणी गावाला फुकट, आणि रखवालदाराचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावून दिली. १८५७ नंतर अवघ्या काही वर्षांत हे झालं हे लक्षात घ्या.

मी माणदेशातला. आमच्याकडे विहिरीला पाणी लागेपर्यंत घरातली बाई रोज देवाला दिवा लावते. त्या रहाटाच्या लोखंडी चाकावर हात ठेवला तेव्हा मला खणणाऱ्या माणसाचाच विचार आला, चार फुटांच्या भोकात एवढं खाली, वर आकाशाचा ठिपका. त्यांची नावं कुठे दिसली नाहीत.

टेम्सकाठ

मेघमल्हार, नावांवरून आठवलं, हे लिहायचंच होतं. रेडिंगच्या फोर्बरी बागेत मोठा लोखंडी सिंह आहे, मायवंदचा सिंह, ३१ फूट लांब, १८८६ चा. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मायवंदला लढाई झाली, त्यात ६६ व्या बर्कशायर पलटणीचे जे गेले त्यांच्यासाठी. खाली ३२९ नावं कोरलीत. शिल्पकार जॉर्ज ब्लॅकॉल सिमंड्स इथल्याच ब्रुअरीवाल्या घराण्यातला. सिंहाच्या पायांची चाल चुकली म्हणून त्याने जीव दिला असं रेडिंगमध्ये प्रत्येक शाळकरी पोराला सांगतात, माझ्या मुलीलाही शाळेत सांगितलं होतं, पण ते साफ खोटं आहे, तो १९२९ पर्यंत जगला आणि जॉर्ज पामरचा पुतळाही त्याचाच.

मला जे सांगायचंय ते वेगळंच. त्या दिवशी मायवंदला बर्कशायरवाले एकटे नव्हते. मुंबई इलाख्याच्या फौजेतल्या पलटणी होत्या, बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स, आणि ग्रेनेडियर्सची निम्म्याहून जास्त माणसं तिथे गेली. बर्कशायर पलटणीचा बॉबी नावाचा कुत्रा त्यातून वाचला, त्याला व्हिक्टोरिया राणीने पदक दिलं, तो पेंढा भरून सॉल्झबरीच्या म्युझियममध्ये आजही आहे. कुत्र्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, बिचारा जखमी होऊन परत आला. पण आपल्याकडच्या शिपायांची नावं या सिंहाखाली नाहीत. मी दरवर्षी जुलैत तिथे फुलं ठेवते, ३२९ जणांसाठीही आणि ज्यांची नावं नाहीत त्यांच्यासाठीही. गेल्या वर्षी एक पेन्शनर गृहस्थ शेजारी उभे होते, त्यांच्या पणजोबांचं नाव खाली आहे. मी ग्रेनेडियर्सबद्दल सांगितलं तर त्यांनी खिशातून वही काढली आणि पलटणीचं नाव माझ्याकडून अक्षर अक्षर लिहून घेतलं.

भुसावळकर

ताई यावर्षी जुलैत सांगा, मी येतो. भुसावळहून वडील येणार आहेत तेव्हाच, त्यांनाही आणतो.

रसिका_वॉन्टेज

मी पण. आणि माईंच्या आठवणी कोणीतरी नीट रेकॉर्ड करायला हव्यात ताई.

टेम्सकाठ

सुरू केलंय. रोज दुपारी त्या झोपून उठल्या की थोडा वेळ फोनवर रेकॉर्ड करते, त्या मराठीतच बोलतात. हंटली अँड पामर्सची जुनी कागदपत्रं रेडिंग युनिव्हर्सिटीच्या संग्रहात आहेत, तिथे विचारणार आहे की अशा आठवणी घेतात का, घेत असतील तर मराठी रेकॉर्डिंग आणि सोबत इंग्रजी असं दोन्ही देईन. काल त्यांनी पॅकिंगच्या टेबलावर कोण कोण बसायचं ते सांगितलं, एक जमेकाची, एक पोलंडची, दोघी आयरिश बहिणी, आणि या. डब्यात कागदाची झालर कशी बसवायची ते त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र घेऊन करून दाखवलं, बोटं अजून तशीच चालतात. कोणाच्या घरचं कोणी सिमंड्स ब्रुअरीत किंवा सटन सीड्समध्ये होतं का? सटन बियाणंवाले १९७६ च्या सुमाराला टॉर्कीकडे गेले, तोवर रेडिंगमध्येच होते.

निशिगंध

ताई, माझ्या आत्याच्या यजमानांचे मोठे भाऊ बियाण्यांच्या कंपनीत पाकिटं भरायच्या विभागात होते असं ऐकलंय, सटनच का ते विचारून सांगते. आता ते बर्मिंगहॅमला मुलाकडे असतात, पण बोलायला फार उत्सुक असतात. नंबर खाजगी निरोपातून पाठवते.